धोंड्याच्या महिन्यातल्या रविवारच्या बातम्या

रविवार, २ मे १९९९

चि. सौ. निता,

आशीर्वाद याच पाकिटातून पाठवतो आहे, त्यांना वेगळं तिकीट लागत नाही. तीस वर्षं कंडक्टरकी केली की माणूस असंच बोलतो, सहन कर.

आधी मोठी बातमी. कालपासून आपण परभणी जिल्ह्यात नाही, हिंगोली जिल्ह्यात आहोत. तांडा जागचा हलला नाही, म्हैस त्याच खुंट्याला आहे, तरी जिल्हा बदलला. मी मुद्दाम हिंगोलीला जाऊन आलो. मंडप, भाषणं, फटाके, सगळं रीतसर. शेजारी हट्टा गावचा एक म्हातारा बसला होता. त्यानं विचारलं, "जिल्हा झाला म्हंजी काय व्हतंय?" मी म्हणालो, कलेक्टर जवळ येतो. "आन् लाईट?" तेवढ्यात टाळ्या वाजल्या म्हणून मी सुटलो. तर इथून पुढं पाकिटावर परभणी लिहू नकोस. पत्ता मात्र डेपोचाच ठेव. मी दोन दिवसांआड डेपोत चक्कर मारतो, जुनी पोरं चहा पाजतात आणि तुझं पत्र खिशात घालतात. तांड्यात पोस्टमन आला की कुणाला काय आलं ते चुलीपर्यंत कळतं. आणि तुझ्याशी कुणी बोलायचं नाही असा तांड्याचा ठराव आहे. पत्राचा शब्द त्या ठरावात नाही, हे मी बारकाईनं पाहिलेलं आहे.

खेळ. चौदा तारखेपासून इंग्लंडात वर्ल्ड कप. रेडिओत नवे सेल घातले. वसरामच्या दुकानात टीव्ही आहे, पण तिथं मॅच बघायची म्हणजे वीस जणांचे सल्ले ऐकायचे. त्यातल्या एकानंही आयुष्यात बॅट धरलेली नाही. तू असतीस तर वहीत धावा लिहून घेतल्या असत्यास.

घर. पुजाचं जमलं. मुलगा ओमप्रकाश पवार, जवळा बाजारला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. हाताला ग्रीसचा वास आहे, तोंडाला कसलाच नाही. पवार म्हटल्यावर गोताचाही प्रश्न नाही. पाहुणे बसले होते. त्याच्या बापानं चहा पिता पिता विचारलं, "थोरली कुठं असते?" त्याला सगळं ठाऊक होतं, तरी विचारलंच. मी सांगितलं, ती अंबाजोगाईला असते. तिनं राठोडाची लेक असून राठोडाशीच लग्न केलं. आपल्यात राठोड राठोड भाऊबहीण, म्हणून तांड्यानं तिला बाहेर ठेवलं. आत तुझ्या याडीच्या हातून पातेलं पडलं. पाहुण्यांना वाटलं, मांजर आलं.

नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, ती अजून बोलत नाही. पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. जे सांगायचं ते म्हशीला सांगते, मी शेजारी उभा असेन अशा बेतानं. "भाकर झाकून ठेवलीय, ज्याला खायाची त्यानं खावी." म्हैस काही भाकर खात नाही, मग मी खातो.

तुझ्या नवऱ्याला, कुलदीपला सांग, तो शिकवतो त्या शाळेच्या निकालाची बातमी वाचली. त्याला आशीर्वाद लिहायचे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझा बा


रविवार, १६ मे १९९९

चि. सौ. निता,

देशाची बातमी अशी की सरकार एका मतानं पडलं त्याला महिना झाला, आणि आपल्या तांड्यातला प्रत्येक जण ते एक मत आपलंच होतं असं बोलून राहिला आहे. निवडणूक पावसाळ्यानंतर. तोवर फुकटची जीपगाडी कुणाला मिळणार नाही.

खेळ. काल आपण पहिलीच मॅच हरलो. दक्षिण आफ्रिका, चार गडी राखून. वसराम म्हणाला, "सुरुवात हाय, सुरुवात." हेच तो त्याच्या प्रत्येक धंद्याबद्दल म्हणत आलेला आहे.

आजपासून धोंड्याचा महिना लागला. लग्नं बंद. म्हणून पुजाची तारीख सत्तावीस जूनची धरली, रविवार. बस्ता जवळा बाजारलाच बांधला. पुजानं दोन लुगडी बाजूला काढली. मी विचारलं, दुसरं कुणाला? ती म्हणाली, "ताईला." दुकानदार माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, बांध.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलं आहेस, "बा, तुमचा इलाज नव्हता हे मला ठाऊक आहे. तुम्ही तांड्याचे कारभारी खरे, पण शेवटचा शब्द नायकांचा. मी तुमच्यावर कधी राग धरला नाही. आता पुजासाठी एकदा नायकांचे पाय धरा, चार दिवस येऊ द्या म्हणा." हे तू याआधीही दोन-तीनदा लिहिलेलं आहेस. मी प्रत्येक वेळी विचारतो असं कळवलं.

तर मी लखमा नायकांकडं गेलो होतो. लिंबाखाली बाजेवर पडून असतात. दमा फार वाढला आहे, एक वाक्य बोलायला दोन वाक्यांचा वेळ लागतो. बराच वेळ बसलो. पावसाचं बोललो, जिल्ह्याचं बोललो. तुझंही निघालं. पण जमेलसं दिसत नाही. जुन्या माणसांपुढं काय बोलणार.

हे एवढं लिहून मी पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात पुजानं वरचा कागद उचलून याडीला वाचून दाखवला. त्यावर याडी म्हशीजवळ जाऊन काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

तब्येतीला जप. इकडं ऊन चव्वेचाळीस आहे.

तुझा बा


रविवार, ३० मे १९९९

चि. सौ. निता,

कारगिलला आपली विमानं गेली. रेडिओवर दिवसातून पाच वेळा तेच सांगतात आणि पाचही वेळा तांडा ऐकतो. नकाशात कारगिल कुठं आहे ते मी शाळेच्या भिंतीवर पोरांना दाखवून आलो. बंटीनं, म्हणजे वसरामच्या नातवानं, विचारलं की तिथून सेनगावला गाडी आहे का. म्हटलं, थेट नाही.

खेळ या वेळी लांब लिहिणार आहे. झिम्बाब्वेशी तीन धावांनी हरलो, ते तू ऐकलं असशील. आपला मोठा खेळाडू त्या मॅचला नव्हता. त्याचे वडील वारले, तो विमानानं घरी आला, त्यांचं सगळं केलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा तिकडं उभा राहून त्यानं केनियाविरुद्ध शतक ठोकलं. शतक झाल्यावर वर आभाळाकडं पाहिलं म्हणे. मी हे पेपरात तीनदा वाचलं. मग पेपर घडी करून उशाखाली ठेवला. त्या पोराला बातमी कळल्याबरोबर विमान मिळालं. तुला कोण कळवील आणि तुला येऊ देतील का, असं माझ्या मनात आलं. एवढ्या उन्हात माणसाच्या डोक्यात काहीही येतं, मनावर घेऊ नकोस. श्रीलंकेला बाकी आपण पार धुतलं.

तांडा. जिकडं तिकडं जावई. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, हे गावातलं खूळ आता आपल्याकडंही आलं आहे. अकरा जावई मोजले. सगळ्यांच्या डोक्यावर नव्या टोप्या. कारभारी म्हणून मला सात घरी जेवायचं आवतण होतं, सातही ठिकाणी जेवलो. पेमाच्या घरी कुणी आलं नव्हतं. तो दारात दोर वळत बसला होता. मी समोरून गेलो, "राम राम" म्हटलं, त्यानंही म्हटलं. त्याची लेक सपना पाच-सहा वर्षांपूर्वी तुझ्यासारखंच करून गेली, ते तुला आठवत असेल.

आपल्या घरी परवा याडीनं पुरण शिजवलं. रीतीप्रमाणे तेहतीस धोंडे केले, वर तूप सोडलं आणि तांड्यातल्या पोरांना वाटून टाकले. मला एकही नाही. म्हशीला दोन.

आणि पुजा. संध्याकाळी बायका तिला ढावलो शिकवायला येतात. मिठी मारून, एकेकाचं नाव घेऊन कसं रडायचं, माहेराला काय काय म्हणायचं, सगळं. ही तोंड मिटून बसते. पद्माबाई घसा फुटेस्तोवर गायली, हिच्या डोळ्यात टिपूस नाही. शेवटी म्हणाली, "ताईच्या गळ्यात पडून रडेन. ताई न्हाई आली तर हसत जाईन, मंग बघा." पद्माबाईनं कानाला हात लावले. तांड्यातून आजवर एकही नवरी हसत गेलेली नाही. ज्या दिवशी तू गेलीस त्या दिवशी तू कुणाच्याच गळ्यात पडली नव्हतीस, हे सगळ्यांना आठवलं असणार.

घरात मी, रेडिओ, एक न बोलणारी आणि एक न रडणारी. रविवारची वाट मी पत्रासाठी बघतो, हे तुला सांगून ठेवतो.

तुझा बा


रविवार, १३ जून १९९९

चि. सौ. निता,

काल न्यूझीलंडनं हरवलं आणि आपला वर्ल्ड कप संपला. मंगळवारी पाकिस्तानला हरवल्यावर वसरामनं पेढे वाटले होते. ते परत मागता येत नाहीत याचंच त्याला वाईट वाटतं आहे. सीमेवर लढाई चालूच आहे. पाऊस एकदा येऊन तोंड दाखवून गेला, पेरणी कुणी केली नाही. धोंडा आज संपतो, जावई आपापल्या घरी गेले.

बुधवारी सकाळी लखमा नायक वारले.

मी सोमवारी त्यांच्याकडं बसलो होतो. म्हणाले, "भीमसिंग, तुही पोरगी..." आणि खोकला आला. मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर पुन्हा तेच काढलं. काय म्हणाले ते नंतर लिहीन. आज लिहिण्यात मन नाही. पासष्ट घरांचा तांडा, एकानंही चूल पेटवली नाही. आता त्यांचा संतराम नायक होईल. तो लातूरला ट्रक चालवायचा, माणूस बरा आहे.

पुजाला अजून रडू येत नाही. नायकांच्या मयतीला मात्र रडली, खूप.

तुझा बा


रविवार, २० जून १९९९

निता,

आज बातम्या नाहीत. लॉर्ड्सवर फायनल आहे, वसरामच्या दुकानातून आवाज येतो आहे. कुणीही जिंको.

शुक्रवारी डेपोत तुझं पत्र मिळालं. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून वाचलं. तू लिहिलंस, "लखमा नायक गेले ते वाचून मला काहीच वाटलं नाही. खरं सांगू बा, बरं वाटलं. त्या माणसानं माझं माहेर खाल्लं. तुम्हाला दोन वर्षं मान खाली घालून त्याच्यापुढं बसावं लागलं." रिसोडची गाडी लागली, भरली, गेली. मी तिथंच.

मेलेल्या माणसाच्या नावावर मी माझं पाप दोन वर्षं चालवलं. आता ते चालणार नाही. नीट वाच.

तू गेल्यावर लिंबाखाली बैठक बसली. लखमा नायक पहिल्यांदा बोलले. ते म्हणाले, "पोरगी आपलीच हाय. चुकली आसंल, पर पोरगं शिकलेलं हाय, वंगाळ न्हाई. दंड घ्या, बकरं कापा, नारळ द्या आन् लेकराला आत घ्या." हे त्यांचे शब्द आहेत, एकही माझा नाही. बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी माना हलवल्या. तेवढ्यावर मिटत होतं.

मी उठलो. मी म्हणालो, नाही. कारभाऱ्याच्या लेकीला एक न्याय आणि पेमाच्या लेकीला दुसरा, हे होणार नाही. कारण सपनाच्या वेळी मीच कडक बोललो होतो. तेव्हाही नायक दंड घ्या म्हणत होते आणि मीच म्हणालो होतो, आज ढिलं सोडलं तर उद्या गोत राहणार नाही. तुझ्या बैठकीत पेमा माझ्या समोर बसला होता. तो नुसता माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, मी आता नरम पडलो तर हा माणूस जन्मभर असाच बघेल. मी तांड्यापुढं म्हणालो की आजपासून मला एकच मुलगी. तिच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिनं तांड्याची शीव ओलांडायची नाही. नायकांनी दोनदा विचारलं, "भीमसिंग, बराबर इचार केला का?" मी दोन्ही वेळा व्हय म्हणालो. बाप स्वतःच म्हणतो म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. त्या वेळी मला वाटलं होतं, आपण मोठा न्याय केला. घरी येताना दोघं-तिघं म्हणालेही, कारभारी असावा तर असा. मला ते आवडलं होतं, निता. हेही लिहून ठेवतो.

याडी मागं बायकांत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. तेव्हापासून तिचं बोलणं बंद आहे. तुला तिनं सांगितलं नाही, कारण तिला लिहिता येत नाही. पुजाला मी गप्प राहायला सांगितलं होतं. आणि तू पहिल्याच पत्रात लिहिलंस की बा, तुमचा इलाज नव्हता. मी ते खोडून काढायला बसलो होतो, खरंच बसलो होतो. मग वाटलं, पुढच्या रविवारी लिहू. तुझी पत्रं यायला लागली. तू "माझे बा" असं लिहायचीस. घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं, म्हणून मी ते ठेवून घेतलं. क्रिकेट आणि कलेक्टर आणि जावई लिहीत राहिलो.

मी नायकांकडं तुझ्यासाठी कधीच गेलो नाही. सोळा मेच्या पत्रात जे लिहिलं ते खोटं. पावसाचं तेवढं बोललो होतो. आणि शेवटच्या सोमवारी ते काय म्हणाले ते आता लिहितो. म्हणाले, "तुही पोरगी लग्नाला बोलाव. म्या तर कव्हाच न्हाई म्हणलो न्हाई. तुहं तूच मागं घे." दोन दिवसांनी गेले. तुझ्या पत्रातली शिवी त्यांना नको, ती मला दे.

काल नायकांच्या दिवसाचं जेवण होतं, तांडा जमला होता. जेवणं झाल्यावर मी उठून उभा राहिलो. म्हणालो, त्या ठरावातला शब्द माझा होता, मी तो मागं घेतो. माझ्या लेकीचाही आणि सपनाचाही. दोन वर्षं मी तिला पत्रं लिहितो, म्हणजे ठराव मीच मोडला आहे, त्याची काय शिक्षा असेल ती द्या. कारभारीपणाचा फेटा आणि काठी संतरामच्या पुढं ठेवली. संतराम म्हणाला, "बाप जे म्हणत व्हता तेच माहं म्हणणं. येऊ द्या पोरीला." मग सगळे पेमाकडं बघायला लागले. पेमा म्हणाला, "माही तर कुठं हाय ते मलाच ठावं न्हाई. सुरतेला हाय म्हणत्यात. तुमची ठिकाण्यावर हाय, तुमची येऊ द्या." तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी आलो. याडी चुलीपुढं बसली होती. मी सांगितलं, बैठकीत सगळं बोललो. तिनं ताट वाढलं, माझ्यासमोर स्वतः आणून ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आता तिला लिव्हा. खरं लिव्हा. काहून उशीर केला तेबी लिव्हा." दोन वर्षांत मला उद्देशून एवढंच.

उशीर काहून केला? तू दूर जाशील म्हणून. दुसरं कारण नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, दोन दिवस जातात. उद्या सकाळी अंबाजोगाईच्या गाडीवर जो कंडक्टर असेल त्याच्या हाती देतो, तो ते कुलदीपच्या शाळेत पोचवील. कुलदीपला म्हणावं, तूही ये, तांड्याचं आवतण आहे. त्याला आशीर्वाद. हे दोन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

हळद शनिवारी आहे. पण पुजाला तुझ्याजवळ बसून ढावलो म्हणायचा आहे, म्हणून गुरुवारीच आलीस तर बरं. दुपारी सव्वादोनच्या गाडीला तांड्याच्या फाट्यावर याडी उभी राहील, पुजाही येईल. लग्नात मी पाहुण्यांना पाणी देईन, मांडवाच्या मागच्या बाजूला राहीन. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. कुणी बोल म्हणालं तर मी त्यांना थांबवीन.

गाडी थांबल्यावर तू आधी खिडकीतून बघशील, हे मला माहीत आहे. मी फाट्यावर नसेन. बघून खात्री कर आणि उतर.

भीमसिंग